वरचा आवाज

मी वारल्याची बातमी मला दिल्ली गेटाजवळ एका रिक्षावाल्याने दिली. माणूस बोलायला गोड होता. संध्याकाळच्या भक्तीला जाताना घेतलेल्या गुलाबांची टोपली मांडीवर धरून मी मागे बसले होते, आणि त्याने पेन ड्राइव्हवर गाणं लावलं. पहिल्या दोन सुरांतच मी ते ओळखलं. ऐकलंय का कधी, त्याने आरशातून विचारलं, आपल्या नगरच्याच दोघी होत्या. शहराचं नाव सरकारने बदललं, रिक्षावाल्यांनी अजून बदललेलं नाही. मी नुसतं हं म्हटलं. तो म्हणाला, "हा वरचा आवाज आहे ना ताई, ती बाई गेली मागच्या साली. असा आवाज आता होणे नाही." आणि दुसरी, मी विचारलं. दुसरीचं काही माहीत नाही म्हणाला, असेल कुठंतरी. मग सिग्नल सुटला आणि मी तशीच, असेल कुठंतरी, मागच्या सीटवर बसून पुढे निघाले. चर्चपाशी उतरताना त्याने टोपली स्वतः उतरवून दिली आणि फुलं कुणासाठी म्हणून विचारलं. बहिणीच्या कबरीसाठी, मी म्हटलं. त्याने हळहळून मान हलवली. त्याच्या रिक्षात मी अजून गातच होते.

वरचा आवाज माझा आहे. खालचाही माझाच आहे. हे मी अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. 'फाटा' या नावाची आमची एकच कॅसेट निघाली, आठ गाण्यांची, फिकट गुलाबी कव्हरची. त्यावर एंजेला, म्हणजे ताई, आणि आराधना, म्हणजे मी, दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि आत आठही गाण्यांत एकटी आराधना. झालं असं की पुण्याचा स्टुडिओ ठरला आणि त्याच आठवड्यात राहुरीकडच्या एका कार्यक्रमात ताई थंडीत उघड्यावर गायली. तिचा आवाज बसला. बसला म्हणजे पार बसला, पाणी मागायलाही नुसते ओठ हलवायची. डॉक्टरने तोंड शिवून ठेवा म्हणून सांगितलं. कंपनीचा माणूस तारीख बदलायला तयार होईना. अरेंजरने डोकं खाजवलं आणि म्हणाला, त्यात काय एवढं, ट्रॅक वेगवेगळेच घ्यायचेत, धाकटी आधी खालचं गाईल, मग त्यावर वरचं गाईल, सख्ख्या बहिणींचे आवाज, कोण ओळखतंय. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमचे वडील, शांतवन मास्तर, चर्चचा कॉयर बसवायचे. त्यात लहानपणापासून वरचा स्वर ताईचा आणि खालचा माझा, जेवणाच्या पाटांसारख्या आमच्या जागा ठरलेल्या. आज तिच्या पाटावर मी बसायचं, एवढाच त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. ताई काचेपलीकडे अरेंजरच्या शेजारी बसली, गळ्याला मफलर गुंडाळून. मी वरचा स्वर धरला की ती हात उचलायची, इथे चढ, इथे थांब. 'फाटा' गाण्याच्या दुसऱ्या कडव्याआधी तिने तळहात छातीवर ठेवला, म्हणजे इथे श्वास घे. मी घेतला. तो श्वास कॅसेटमध्ये ऐकू येतो.

'फाटा' हे गाणं म्हणाल तर काहीच नाही. एक मुलगी एसटीत बसली आहे, तिच्या माणसाच्या गावाचा फाटा येतो, गाडी थांबत नाही. 'फाटा गेला मागे, मी खिडकीशी.' ती घंटी का मारत नाही, कंडक्टरला का ओरडत नाही, हा प्रश्न आम्हाला गाणं रचताना पडला नाही आणि ऐकणाऱ्यांनाही कधी पडला नाही. त्यावर माणसं वर्षानुवर्षं रडली. कॉलेजची गॅदरिंग, गणपतीचे मांडव, पतसंस्थांचे वर्धापनदिन, गावोगावच्या यात्रा, कुठे कुठे गायलो आम्ही. स्टेजवर पाट पुन्हा आपापल्या जागी. ताईचा आवाज बरा झाला होता, ती वर गायची, मी खाली. कॅसेट आणि स्टेज यांत फरक आहे असं कुणी तोंडावर बोललं नाही. ताईला मात्र तो रोज ऐकू येत असणार. एकदा शेवगावहून परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आरू, लोक कॅसेट ऐकून येतात आणि मला ऐकून जातात." हे बोलून ती हसली. मीही हसले. त्या हसण्यात काय होतं ते बघायला मी वळायला हवं होतं, पण मांडीवर पेटी होती आणि मला झोप आली होती. पुढे तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. आमचं कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर लोकांना सांगायला तरी काही उरलं असतं. दोघींची जोडी नुसतीच विरली, सुती ओढणी धुवून धुवून विरते तशी.

ती होती तोवर मला काही वाटत नसे. कुणी ताईचं कौतुक करायला लागलं की ती माझ्याकडे बघायची, आणि त्या एका बघण्यात माझं मला पोचतं व्हायचं. अरेंजर आणि कंपनीचा माणूस केव्हाच वारले होते, त्यामुळे सगळ्या जगात फक्त दोघींना माहीत असलेली गोष्ट, तिला गुपित म्हणायचीही गरज नव्हती. मागच्या फेब्रुवारीत ती गेली आणि त्या गोष्टीला मी एकटीच साक्षीदार उरले. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. शाळेत मुलांना परिपाठाला उभं करते आणि वाटतं, यांच्या आयांना सांगावं. दूधवाल्याला सांगावं. बहिणीचं दुःख करायचं सोडून बाई आपल्या आवाजाचं दुःख करते आहे, हे मला दिसत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, पण लाज वाटली म्हणून दुखायचं थांबत नाही. सगळे तिच्या आवाजासाठी रडत होते, तो आवाज माझा होता, आणि मी जिवंत होते. माझा घसा आता चरचरतो, वरचा स्वर फाटतो. जे काही माझ्याजवळ चांगलं होतं ते त्या फितीवर आहे, आणि ते दुसरीच्या नावावर चढलं आहे. मला ते परत हवं होतं. म्हणून जॉयचा, ताईच्या मुलीचा, पुण्याहून फोन आला की वर्षाच्या भक्तीला साक्ष तूच दे मावशी, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

आमच्यात वर्ष झालं की स्मरणाची भक्ती होते. गाणी होतात, पाळक बायबलमधलं वचन सांगतात, आणि घरचं एक माणूस उभं राहून गेलेल्याबद्दल साक्ष देतं. साक्ष म्हणजे भाषण नव्हे. भाषणात चार गोष्टी वाढवून सांगता येतात, साक्षीत येत नाहीत. वडील म्हणायचे, माणूस साक्षीला उभं राहिलं की प्रभू पहिल्या बाकावर येऊन बसतो. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं साक्षीच्या वेळी पहिलं बाक मोकळं सोडतात, पाहुण्यांना मुद्दाम मागे बसवतात. मला असंच ठिकाण हवं होतं, जिथे बोललेलं कुणी हसण्यावारी नेणार नाही. वाक्यही तयार होतं. त्या कॅसेटमध्ये दोन्ही आवाज माझे आहेत आणि माझी बहीण काचेपलीकडे बसून मला शिकवत होती. यात ताईचा अपमान नव्हता. आठवडाभर भांडी घासताना, वह्या तपासताना ते वाक्य मी घोळवत होते, आणि प्रत्येक वेळी ते मला जास्त सभ्य वाटत होतं.

चर्चच्या हॉलबाहेर पोचले तर चाहते माझ्याआधी हजर. कोविडच्या दिवसांत घरी बसलेल्या लोकांनी असले नाना ग्रुप काढले, त्यातलाच हा 'फाटा परिवार', आणि त्याचा प्रमुख पारनेरचा करण. त्याचं हायवेवर हॉटेल आहे, त्यात दिवसातून एकदा तरी आमची कॅसेट वाजते असं तो अभिमानाने सांगतो. त्याने फ्लेक्स आणला होता. कॅसेटच्या कव्हरवरचाच फोटो, मोठा केलेला, पण श्रद्धांजली एकीची असल्यामुळे दुसरी कापलेली. माझा उजवा खांदा तेवढा राहिला होता, निळ्या ब्लाउजचा. करणने नमस्कार केला, डोळे पुसले आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही फार नशीबवान, तुम्ही त्यांच्या इतक्या जवळ होतात. मी फ्लेक्सवरच्या खांद्याकडे पाहून म्हटलं, होते खरी. दहा-पंधरा माणसं होती, आता सगळी पन्नाशीच्या पुढची, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाचे केस. कडुनिंबाखाली खुर्च्या मांडून ती आपापल्या आठवणी काढत बसली होती. एकाने त्या गाण्यावर वरात नाचवली होती. नाचायचं गाणं नाही ते, पण बँडवाल्याला दुसरं येत नव्हतं. घोडेगावच्या एकाने सांगितलं की बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर ही कॅसेट लागली की त्याचा बाप बैलाचा सौदा अर्ध्यात सोडून ऐकत उभा राहायचा, आणि बाप कधी कशासाठी थांबलेला त्याने दुसऱ्यांदा पाहिला नाही. कुणीतरी हॉस्टेलमध्ये घर आठवून रडली होती. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि ती कॅसेट त्याने विहिरीत टाकली, मग दुसऱ्या दिवशी नवी आणली. मी ऐकत होते आणि मला नको नको म्हणताना सुख होत होतं. यांच्या आयुष्यात इतक्या आत मी जाऊन आले होते आणि मला कुणी आत येताना पाहिलं नव्हतं. पण प्रत्येक आठवण शेवटी त्याच दाराशी यायची. एंजेलाताईंचा आवाज. तो श्वास. तो चढ. अधूनमधून कुणीतरी सौजन्य म्हणून माझ्याकडे वळायचं, तुम्हीही छानच साथ द्यायचात. त्यांच्यात शेवगावची एक बाई होती, मनकर्णा, तिकडे तिचं साड्यांचं दुकान आहे. ती हातातला रुमाल उलगडायची, घडी घालायची आणि माझ्याकडे बघायची.

जॉय हॉलच्या मागच्या खोलीत होती. तिथे कॉयरचे झगे टांगलेले असतात, जुन्या लाकडाचा आणि मेणबत्त्यांचा वास असतो. एका कानात इअरफोन घालून ती खिडकीशी बसली होती. मला बघून दुसरा इअरफोन तिने माझ्यापुढे धरला, लहानपणी अर्धं बिस्किट धरायची तसाच. मी तो कानाला लावला. वर्षभर झोपताना हेच ऐकते म्हणाली. मग हळूहळू सांगत गेली. ताईला व्हॉइस मेसेज पाठवायचा कंटाळा, ती टाइप करायची, तेही दोन शब्दांत. व्हिडिओ काढायला गेलं की कॅमेऱ्यावर हात धरायची. वाढदिवसाचे एक-दोन आहेत, त्यात सगळे ओरडतायत आणि आई नुसत्या टाळ्या वाजवते आहे. शेवटी दवाखान्यात तर घशात नळीच होती. आईचा आवाज म्हणून माझ्याकडे एवढंच आहे मावशी, ती म्हणाली. गाणं दुसऱ्या कडव्याशी आलं होतं. जॉयने माझा हात धरला आणि डोळे मिटले. "आता ऐक. हा श्वास. आई झोपेत अस्साच घ्यायची." तो श्वास आमच्या दोघींच्या कानांतून एकदम गेला. तुझा आवाज मला यात पटकन ओळखू येत नाही गं, ती जरा ओशाळून म्हणाली, पण आईचा लगेच येतो. मी म्हटलं, खालचा स्वर ऐकायला कान लागतो. मास्तरीण बोलली ती. मी बोलले नाही.

मला वाटलं होतं मी चिडेन. मी तिच्या हातात हात देऊन बसले होते आणि वेगळीच एक गोष्ट अंगावर आली, इतकी साधी की वर्षभर ती मला दिसली कशी नाही याचंच आश्चर्य वाटलं. या आठ गाण्यांत ताई नाही. दुसरीकडे कुठेही नाही. म्हणजे एंजेलाचा आवाज जगातून गेलेला आहे, पूर्ण गेलेला आहे, आणि तो गेला हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊकही नाही. सगळ्यांना वाटतं तो उरला आहे. त्यांच्या पेन ड्राइव्हवर, हॉटेलात, रिक्षात आहे. त्यासाठी रडून झाल्यावर ते तो पुन्हा लावतात आणि त्यांना बरं वाटतं. त्या आवाजासाठी, खऱ्या, अजून कुणीच रडलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मी माझ्याच आवाजासाठी रडत बसले होते. मग मी तो आठवायला गेले. घाई घाईने, घर सोडताना किल्ली चाचपावी तशी. ताई 'आरू' म्हणायची, ते कसं? ओठ दिसले, मफलर दिसला, खिडकीकडचा गाल दिसला. आवाजाच्या जागी कॅसेट वाजली. पुन्हा प्रयत्न केला. आई रागावल्यावर ती मला कवेत घेऊन गुणगुणायची ते आठवलं, तिच्या केसांचा खोबरेल वास आठवला, आणि गुणगुणणं माझ्या आवाजात ऐकू आलं. इतकी वर्षं ते गाणं ऐकून ऐकून मीच तिला पुसून टाकलं होतं. माझ्या डोक्यातसुद्धा तिच्या पाटावर मीच बसले होते. जॉयने विचारलं, रडतेस का मावशी? मी म्हटलं, तुझ्या आईची आठवण आली. ती म्हणाली, मग अजून एकदा लावू?

हॉल भरला. पाळकांनी प्रार्थना केली, कॉयरने गाणी म्हटली, वचन झालं. मग जॉयने ठरल्याप्रमाणे फोन माईकला लावून 'फाटा' वाजवलं. स्मरणाच्या भक्तीत सिनेमासारखं गाणं वाजवण्याला दोन-तीन जुन्या माणसांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांच्याही आठ्या गेल्या. मागे चाहते तोंडातल्या तोंडात म्हणत होते. मग पाळकांनी माझं नाव घेतलं. मी उठून पुढे गेले आणि वळले. पहिलं बाक मोकळं होतं. दुसऱ्या बाकावर जॉय, दोन्ही हातांत फोन धरून, शाळेत पहिल्या दिवशी आलेली पोरं पाटी धरतात तशी. ठरवलेलं वाक्य जिभेवर होतं, आणि ते खरं होतं. आणि त्या वाक्यानंतर या मुलीकडे काय उरेल, तेही माझ्यापुढे बसलं होतं. आज झोपताना ती इअरफोन घालेल आणि आईच्या जागी मावशी श्वास घेईल. बदल्यात मी काय देणार होते तिला? आईचा खरा आवाज माझ्याकडे असता तर एक हिसकावून दुसरा दिला असता. माझ्याकडे तो नव्हता. खोटी साक्ष देऊ नये, हे संडे स्कूलला येणाऱ्या चार वर्षांच्या पोरालाही पाठ असतं. मला ते वडिलांनी शिकवलं होतं, आणि ते त्या मोकळ्या बाकाकडे बोट दाखवत असत.

मी म्हटलं, "त्या कॅसेटमध्ये वरचा आवाज माझ्या बहिणीचा आहे. खालचा माझा. मी जन्मभर तिच्या खाली गायले आणि मला तिथे बरं वाटलं." शेवटचं वाक्य खरं होतं. मंडळीने आमेन म्हटलं. मागून करणने टाळी वाजवली आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मी अजून बरंच बोलले, तिच्या स्वयंपाकाबद्दल, तिच्या हट्टांबद्दल, शेवटच्या आजारात तिने कुणाला त्रास दिला नाही त्याबद्दल, आणि ते सगळं खरं बोलले, कारण एका खोट्याभोवती भरपूर खरं रचावं लागतं. जागेवर येऊन बसले तेव्हा जॉयने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आतून काहीतरी काढून दिल्यावर हलकं वाटतं म्हणतात, मला तसं काही वाटलं नाही. मला भूक लागल्यासारखं वाटत होतं. ताईने छातीवर तळहात ठेवला म्हणून मी श्वास घेतला, म्हणजे तो श्वास तिचाच झाला की नाही, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. तेव्हा ते पटल्यासारखं वाटलं. आता लिहिताना तेवढं पटत नाही.

भक्तीनंतर अंगणात चहा होता. फुलं कबरीवर ठेवायला सकाळी जायचं होतं, म्हणून टोपली हॉलच्या पायरीवरच ठेवली होती. फ्लेक्सजवळ उभं राहून चाहते फोटो काढत होते. मी आणि जॉय बाजूला बाकड्यावर बसलो तर मनकर्णा कप घेऊन आमच्याकडे आली. बसू का म्हणाली आणि बसली. जॉयला तिने आशीर्वाद दिला, कानशिलावर बोटं मोडली. मग चहा दोन-तीनदा फुंकला. शेवटी माझ्याकडे वळून, पण आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, राग धरू नका, एक इचारते. शेवगावला तुमचा पोग्राम झाला तवा मी पार म्होरं बसले हुते, माझी थोरली मांडीवर हुती, तान्ही. थोरल्या बाईंचा आवाज असा कॅसेटवानी न्हवता. जरा खरबरीत हुता. आन् ओळ संपताना पार बारीक व्हायचा, पोराला निजवताना व्हतो तसा. माझी लेक निजली हुती तितंच, येवढ्या कर्ण्यांत. घरी येऊन मी कॅसेट लई येळा लावून बघितली, त्यो आवाज काय सापडला न्हाई. आता साक्षीत तुमी म्हनला म्हून इचारते. ती कॅसेटातली बाई येगळी हाय ना?"

ओळ संपताना बारीक व्हायचा. ती हे म्हणाली आणि ताई आली. पुरती नाही, एक क्षणभर, 'आरू' मधला शेवटचा ऊ, खरखरीत आणि मग खाली जाणारा, कवेतला, खोबरेल तेलासकट. जगात आणखी एका माणसाच्या कानात ती होती. शेवगावच्या साडीच्या दुकानात, इतकी वर्षं, गिऱ्हाईकांना पदर उलगडून दाखवणाऱ्या या बाईच्या कानात माझी बहीण जशीच्या तशी सांभाळलेली होती. मला तिचे हात धरायचे होते. अजून सांगा म्हणायचं होतं, कुठल्या ओळीला, कसा खरबरीत, ती हसली का मध्ये, पाणी मागितलं का, काय म्हणाली, कसं म्हणाली. आपण दोघी बसू, तुम्ही आठवा आणि मी रडते, एवढंच मला या वर्षभरात हवं होतं आणि मला ते आत्ता कळत होतं. माझ्या डाव्या बाजूला जॉयने कप ओठांपाशीच थांबवला होता. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही हो," मी म्हटलं. "तीच ती. यात्रेतले कर्णे असायचे तेव्हा, त्यांत आवाज फाटतो."

मनकर्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसत नव्हता. मी नजर हलवली नाही. मुलं खोटं बोलताना नजर हलवतात हे मला नोकरीने शिकवलं आहे. मग तिचाच चेहरा हळूहळू सैल झाला, आपलीच काही चूक झाल्यासारखा. साक्ष दिलेली बाई, चर्चच्या अंगणात, सख्ख्या बहिणीबद्दल कशाला खोटं बोलेल? ती म्हणाली, "आसंल बाई. तीस वर्सं व्हायला आली. मलाच नीट याद ऱ्हायलं नसंल." तिने चहा संपवला, गुडघ्यावर हात देऊन उठली. जाताना जॉयच्या गालावरून हात फिरवला.

"तुझ्या आईचा आवाज लई गोड हुता गं," ती जॉयला म्हणाली. "आगदी कॅसेटवानीच."

जॉय म्हणाली, हो ना. आणि मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही हो म्हटलं.